डोक्याची पेशी कुठली?

उंदराच्या गर्भावर काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. परवा लग्नात आत्यानंही विचारला, "सुरुवातीला दोनच पेशी असतात ना? त्यातली डोक्याची कुठली आणि शेपटीची कुठली गं?" तेवढ्यात पानं वाढली आणि उत्तर राहून गेलं.

तर आत्या, कुठलीच नाही. १९५९ साली पोलंडच्या आंजेय टारकोव्स्कींनी दोन पेशींतली एक मारून टाकली, तरी उरलेल्या एकीतून अख्खं पिल्लू झालं. दोन वर्षांनी त्यांनी दोन गर्भ एकमेकांना चिकटवले, तेव्हा दोघांचा मिळून एकच गर्भ वाढला. चार पेशींच्या वेळीच थोडा कल ठरतो असं काही जण मानतात, त्यावर वाद चालू आहे. मला विचाराल तर कल असेलही, पण मोडता येण्याजोगा.

आमच्याकडे गर्भांची वयं अडीच, साडेतीन, साडेसहा दिवस अशीच असतात. समागम मध्यरात्री झाला असं धरायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारी अर्धा दिवस मोजायचा. अडीच दिवसांच्या सुमाराला आठ पेशी असतात, द्राक्षांसारख्या सुट्या. मग काही तासांत त्या एकमेकींना इतक्या बिलगतात की मधल्या रेषाच दिसेनाशा होतात. हे कितीदा पाहिलं तरी माझं काम तिथे थांबतं. पुढच्या विभाजनांत काही पेशी आत जातात, काही बाहेर राहतात. बाहेरच्या वारेच्या कामाला लागतात. पिल्लू होतं ते आतल्यांपासून, पण आतल्या सगळ्याच पिल्लात जात नाहीत. काहींत नॅनॉग हे प्रथिन वाढतं, काहींत गाटा-६, आणि साडेतीन दिवसांच्या गर्भात दोन्ही प्रकार तिळतांदळासारखे मिसळलेले दिसतात. दिवसभरात ते निवडले जातात. गाटावाल्या गर्भात तयार झालेल्या पोकळीच्या कडेला सरकून थर धरतात, त्यातून पुढे पिल्लाभोवतीच्या पिशवीचं अस्तर होतं. चुकीच्या जागी राहिलेल्या काही मरतातही.

आता भावकीचं. एका पेशीची लेकरं एकाच आळीत राहत असतील असं मलाही वाटायचं. वार आणि पिशवीकडच्या पेशी बऱ्याच अंशी तशा राहतातही. पिल्लू घडवणाऱ्या पेशींची भावकी मात्र चौथ्या-पाचव्या दिवसानंतर शेजाऱ्यांत पार विखुरते. १९९१ मध्ये कर्स्टी लॉसन आणि सहकाऱ्यांनी साडेसहा दिवसांच्या आसपासच्या गर्भात एकेका पेशीत खूण सोडली आणि दिवसभरानंतर पाहिलं. एकाच पेशीची लेकरं वेगवेगळ्या थरांत सापडली. तरीही पेशी कुठे होती यावरून तिची लेकरं साधारण कुठे जाणार, याचा नकाशा त्यांना काढता आला. म्हणजे कुळापेक्षा पत्ता जास्त कामाचा.

याला अपवाद वाटावा असं एकच दृश्य मला फार आवडतं. अमेरिकेत बिअॅट्रिस मिंट्झ यांनी काळ्या आणि पांढऱ्या जातींचे गर्भ जोडून उंदीर वाढवले. कातडीला रंग देणाऱ्या एकेका पेशीची लेकरं सोबतच पाठीकडून पोटाकडे उतरत जातात, म्हणून त्या उंदरांच्या अंगावर आडवे पट्टे उठले. असा पट्टेरी उंदीर आत्याला दाखवायला हवा. डोक्याची पेशी कुठली हे ती परत विचारेलच म्हणा.