तटाबाहेरचं ग्वाल्हेर

"किल्ल्यावर उरवाई दरवाज्याकडून गाडीनं जा रे, उगाच पाय मोडून घेऊ नकोस," मावशीनं बजावलं होतं. ती महाराज बाड्याच्या मागे राहते. किल्ला रोज गच्चीतून दिसतो, त्यामुळे वर जायची घाई तिला कधीच नसते. मी मात्र पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाज्यानं पायी चढलो. दम लागतो, पण तट समजून घ्यायचा तर हीच वाट.

बडोद्यात चार दरवाज्यांच्या आत शहर वसलं. इथे उलट आहे. जवळपास तीन किलोमीटर लांबीच्या सुट्या डोंगराच्या कडेकडेनं तट फिरतो आणि बहुतेक वस्ती खाली, तटाबाहेर. वर राजा, शिबंदी, देवळं आणि पाण्याची कुंडं. सूरजकुंडासारखे तलाव नसते तर या कातळावर वेढ्यात कुणी तग धरला असता?

अर्ध्या वाटेवर चतुर्भुजाचं छोटं देऊळ आहे, एकाच खडकात कोरलेलं. लोक तिथला शून्य बघायला येतात. इसवी सन ८७६ च्या शिलालेखात २७० हा आकडा आजच्यासारखाच शून्य देऊन लिहिलाय. मला त्याहून गंमत वाटली ती हिशेबाची. २७० हात लांबीची फुलबाग देवाला दिलेली, माळ्यांनी रोज ५० हार द्यायचे, दिव्याच्या तेलाचीही तजवीज. देऊळ बांधणारा अल्ल हा प्रतिहार राजा भोजाचा किल्लेदार होता. तट राखणाऱ्या माणसाच्या देवळाला माळी-तेली असे बांधलेले होते.

वर पोचलात की मानमंदिर. मानसिंह तोमरानं (१४८६ ते १५१६) तटाच्या ऐन कड्यावर महाल बांधला आणि बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पिवळ्या फरशांची बदकं, हत्ती, केळी बसवली. शत्रूला दाखवायच्या भिंतीवर बदकं! असा आत्मविश्वास मी दुसऱ्या किल्ल्यावर पाहिलेला नाही. पश्चिमेला उरवाईच्या कड्यात मात्र वेगळं दृश्य आहे. तोमरांच्याच काळात कोरलेल्या भव्य जैन मूर्ती, त्यातली एक पन्नास फुटांहून उंच. बाबरानं त्या विद्रूप करायचा हुकूम दिला होता, तो त्याच्या आत्मचरित्रात आहे.

इतका बळकट तट, तरी १७८० च्या ऑगस्टात ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन पॉपमचे शिपाई रात्री शिड्या लावून आत शिरले. तेव्हा किल्ला महादजी शिंद्यांकडे होता. पुढे तो परत मिळवला गेला, पुन्हा हातचा गेला, पुन्हा आला; ती सगळी जंत्री इथे देत नाही.

खालच्या शहराचे तीन तुकडे का, हे वरून खाली बघितलं की उलगडतं. उत्तर-पूर्वेला जुनं ग्वाल्हेर, तिथेच सूफी संत महंमद घौस आणि तानसेन यांच्या कबरी. दक्षिणेला लष्कर: दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये तिथे तळ ठोकला आणि तो उठलाच नाही. सरदारांचे वाडे, गणपती, गाण्याच्या बैठका, पुरणपोळीबरोबर बेडई-जलेबी, सगळं त्या तळावर रुजलं. आणि पूर्वेला मुरार, इंग्रजांची छावणी.

१८५८ च्या जूनमध्ये तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई यांनी ग्वाल्हेर घेतलं. राणी इथेच पडली, तिची समाधी फुलबागेत आहे. त्यानंतर किल्ल्यावर इंग्रजी फौज बसली ती १८८६ पर्यंत. म्हणजे लष्कर भागातली मराठी मंडळी अठ्ठावीस वर्षं स्वतःच्या राजाच्या राजधानीत राहून डोक्यावर परक्यांच्या तोफा बघत होती. अखेर झाशी इंग्रजांना देऊन शिंद्यांनी किल्ला परत घेतला. सौदा म्हणून मला तो अजून पचलेला नाही. मावशीला नाही वाटत तसं. "किल्ला नसता तर आपण इथे राहिलो असतो का?" ती म्हणाली आणि झाशीला भाचीच्या लग्नाला कोण कोण जाणार याची यादी सांगायला लागली.