तुम्ही विचारलंत म्हणून: स्टेफनी प्लम कितव्या पुस्तकापर्यंत वाचायची?

"तू ती स्टेफनी प्लमची पुस्तकं वाचतेस ना, मग सांग बरं, कितव्या नंबरपर्यंत वाचायची? सगळ्याजणी म्हणतात पुढे पुढे तेच तेच आहे." हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय, हळदीकुंकवाला, लायब्ररीत, मुलांच्या मराठी शाळेबाहेर गाडीत बसल्या बसल्या, की आता एकदा सगळं नीट लिहूनच टाकते. मी न्यू जर्सीत राहते, ही पुस्तकं न्यू जर्सीतल्याच ट्रेंटनमध्ये घडतात आणि मला ती मनापासून आवडतात, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे पुढचं त्या हिशोबाने वाचाल.

ज्यांनी अजून हातात घेतलेलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जॅनेट इव्हानोविच ही लेखिका मूळची इथलीच, साउथ रिव्हर गावची, आधी प्रेमकथा लिहायची. १९९४ साली 'वन फॉर द मनी' आलं, आणि तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाच्या नावात कुठेतरी एक आकडा असतो, दोन, तीन, चार असं करत २०२४ मध्ये एकतिसावं आलं. स्टेफनी तिशीची, घटस्फोट झालेली, नेवार्कमधल्या एका कंपनीसाठी बायकांच्या अंतर्वस्त्रांची खरेदी बघायची, ती नोकरी गेली, हप्ते थकले म्हणून गाडी उचलून नेली, घरातलं सामान एकेक करून विकून झालं. मग ती नात्यातल्या भावाकडे, व्हिनीकडे, काम मागायला जाते. व्हिनीचं बेल बॉण्डचं ऑफिस आहे. तिला हवं असतं फायलिंगचं काम, ते आधीच दुसऱ्या कुणाला दिलेलं असतं, मग ती सरळ सांगते की पळून गेलेले आरोपी मी पकडून आणते, आणि व्हिनी नाही म्हणायला लागतो तेव्हा तुझे सगळे धंदे तुझ्या बायकोला सांगेन म्हणून दम देते.

हा बेल बॉण्डचा प्रकार आपल्याकडे नाही, त्यामुळे तो आधी समजून घ्या, नाहीतर अर्धी मजा जाते. आपल्याकडे जामीन झाला की कोणीतरी ओळखीचा जामीनदार उभा राहतो, कागदपत्रं देतो. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत कोर्ट सांगतं एवढे डॉलर भरा आणि घरी जा. तेवढे नसतील तर बॉण्डवाल्याकडे जायचं, त्याला साधारण दहा टक्के द्यायचे, ते परत मिळत नाहीत, आणि तो तुमच्यासाठी कोर्टाकडे हमी देतो. तुम्ही तारखेला गेला नाहीत तर सगळी रक्कम त्याच्या गळ्यात येते, म्हणून तो तुमच्यामागे माणूस सोडतो, आणि तो माणूस म्हणजे बाउंटी हंटर. पोलिसांना नसतात असे काही अधिकार या लोकांना आहेत, १८७२ च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालापासून ते चालत आलेत. अमेरिका आणि फिलिपिन्स सोडले तर नफ्यासाठी चालणारा असा धंदा जगात जवळपास कुठेच नाही. तर पहिल्या पुस्तकात जो मोरेली नावाचा पोलीस खुनाच्या आरोपात जामिनावर सुटून गायब झालाय, त्याचा बॉण्ड एक लाख डॉलरचा, पकडून आणला की स्टेफनीचे दहा हजार. आणि हाच मोरेली तिचा लहानपणापासूनचा ओळखीचा, शाळेत असताना तिला फसवून गेलेला, ज्याला तिने नंतर वडिलांच्या ब्यूइकने ठोकून पाय मोडला होता.

आता वाचणाऱ्यांचं म्हणणं. मी आजवर जेवढ्यांशी बोलले त्यात एक गट असा आहे की सहा-सात पुस्तकं झाली की बस, पुढे गाड्या पेटतात, तिची जोडीदारीण ल्यूला चिकन खाते, स्टेफनीची आजी शवपेटीचं झाकण उघडायला जाते, स्टेफनीला मोरेली आणि तिला हे काम शिकवणारा बाउंटी हंटर रेंजर यातला एक निवडता येत नाही, झालं पुस्तक. दुसरा गट अगदी उलट, त्यांना तेच हवंय. माझी एक मैत्रीण नर्स आहे, नाईट करून आली की झोप लागेपर्यंत हेच वाचते, ती म्हणते मला माहितीये स्टेफनीचा पाळीव हॅमस्टर मरणार नाही, आजी मरणार नाही, सहा वाजता आईच्या टेबलावर पॉट रोस्ट असणार, मला त्या वेळी तेवढंच पाहिजे असतं. आणि तिसरा एक छोटा गट आहे ज्यांना पहिल्या पुस्तकातच धक्का बसतो आणि ते पुढे जातच नाहीत. मला या तिसऱ्या गटाबद्दल जास्त बोलायचंय, कारण माझ्या मते त्यांनीच काहीतरी नीट पाहिलंय.

पहिलं पुस्तक विनोदी आहे असं सगळीकडे सांगतात आणि ते आहेच, रात्री जेवायच्या टेबलावर आजी माझूर पिस्तूल काढून भाजलेल्या कोंबडीवरच गोळी झाडते तो प्रसंग मी कितीही वेळा वाचला तरी हसू येतं. पण त्याच पुस्तकात बेनिटो रामिरेझ नावाचा बॉक्सर आहे, बायकांना हालहाल करणारा, आणि ल्यूला तेव्हा रस्त्यावर धंदा करणारी मुलगी असते, स्टेफनीशी बोलली म्हणून हा माणूस तिची जी अवस्था करतो आणि नंतर तिला स्टेफनीच्या खिडकीबाहेर आणून टांगतो, ते वाचताना पुस्तक खाली ठेवावं लागतं. विनोद आणि ही भीती एकाच पानावर राहतात. आणि दोन्हीच्या खाली एक गोष्ट सतत चालू असते, ती म्हणजे पैसे. भाडं थकलंय, फ्रिज रिकामा, गाडी नाही, पीनट बटर आणि ऑलिव्हचं सँडविच करून खायचं. म्हणून ती त्या दारावर जाऊन टकटक करते जिथे शहाण्या माणसाने जाऊ नये. घाबरलेली असते, काम येत नसतं, पिस्तूल घरी बिस्किटांच्या बरणीत ठेवलेलं असतं, तरी जाते, कारण दहा हजार डॉलर हवेत. त्यामुळे ती पडली, फसली, गाडी गेली की आपल्याला हसू येतं आणि त्याच वेळी पोटात गोळाही येतो, की आता ही बाई काय करणार.

माझं स्पष्ट मत आहे की या मालिकेत पुनरावृत्तीमुळे काही बिघडलेलं नाही. तेच तेच असणं हा अशा मालिकेचा गुणच आहे, आपण ज्या माणसांकडे परत परत जातो ती तशीच असावीत अशीच आपली इच्छा असते. बिघडलं ते पैसे लागेनासे झाले तेव्हा. नंतरच्या पुस्तकांत स्टेफनी कफल्लक आहे असं लिहिलेलं असतं, पण ती उपाशी राहील असं वाटत नाही. रेंजरकडे गाड्या आहेत, गाडी पेटली की दुसरी चकचकीत काळी गाडी येते, ती पेटली की तिसरी. सुरुवातीला गाडी गेली की आजीची ती १९५३ ची निळी-पांढरी ब्यूइक चालवावी लागायची, काहीही झालं तरी न मोडणारी, पेट्रोल पिणारी, आणि तिला ते आवडत नसायचं, पण दुसरं काही नसायचं. त्या ब्यूइकमध्ये बसताना तिचा चेहरा कसा झाला असेल ते दिसतं. रेंजरच्या पोर्शमध्ये बसताना काहीच दिसत नाही. म्हणजे स्फोट तोच, पण त्याची किंमत कोणी भरतच नाही.

भीतीचंही तसंच झालं. रामिरेझ पाचव्या पुस्तकात, 'हाय फाइव्ह'मध्ये, तुरुंगातून सुटून परत येतो आणि तिच्या दारापर्यंत येतो, तिथपर्यंत भीती खरी आहे. पुढचे गुन्हेगार हळूहळू नुसते विचित्र होत गेले.

आणि ल्यूला. हे मला फार लागतं, म्हणून जरा थांबते. जिच्यावर तो प्रसंग झाला ती बाई जगते, उभी राहते, व्हिनीच्या ऑफिसमध्ये फायलिंगला लागते, स्टेफनीबरोबर पळालेल्या आरोपींच्या मागे जायला लागते, हा या मालिकेतला सगळ्यात मोठा प्रवास आहे, स्टेफनीपेक्षाही मोठा. सुरुवातीला तिच्या बढाया ऐकताना कळतं की या मुलीने घाबरायचं नाही असं ठरवलंय. पण नंतर नंतर तिच्या वाट्याला बहुतेक करून जाडेपणाचे, खाण्याचे आणि तंग कपड्यांचे विनोद आले. इथल्या कितीतरी वाचकांनी, त्यात काळ्या वाचक बायकांनीही, हे बोलून दाखवलंय आणि ते शंभर टक्के बरोबर आहे. लेखिकेने एवढं सोनं हातात असताना ते वापरलं नाही याचं मला वाईट वाटतं.

इथे ट्रेंटनबद्दल सांगायलाच हवं, कारण भारतातल्या मैत्रिणींना वाटतं ते काल्पनिक गाव आहे. ते आमच्या राज्याची राजधानी आहे, न्यूयॉर्कहून येणारी आमची लोकल तिथेच संपते, आणि डेलावेअर नदीवरच्या पुलावर अजून ती मोठी अक्षरं आहेत, ट्रेंटन बनवतं, जग घेतं. एकेकाळी बनवायचंही. ब्रुकलिन ब्रिज, जो १८८३ साली झाला, तो बांधणाऱ्या रोबलिंग कुटुंबाचा पोलादी दोरांचा कारखाना इथलाच, आणि त्याच्या शेजारची कामगारवस्ती म्हणजे चेंबर्सबर्ग, पुस्तकांतलं 'बर्ग'. इटालियन कुटुंबं, लहान लहान एकमेकांना चिकटलेली घरं, बेकऱ्या, टोमॅटो पाय म्हणजे खाली चीज आणि वर टोमॅटो असा पिझ्झा. कारखाने बंद झाले, इटालियन लोक आजूबाजूच्या उपनगरांत गेले, आता तिथे जास्त करून लॅटिन अमेरिकेतून आलेली, स्पॅनिश बोलणारी कुटुंबं राहतात. पुस्तकातलं बर्ग मात्र १९९४ मध्येच थांबलंय, स्टेफनी तिशीतच आहे, शेजारणी पडद्याआडून बघतायत, आई टेन्शन आलं की इस्त्री काढून तेच तेच कपडे परत इस्त्री करतेय. आपल्यातल्या बऱ्याच जणींना ही आई बघताक्षणी ओळखीची वाटते, मुलीच्या नोकरीबद्दल लोक काय म्हणतील या काळजीने झुरणारी, आणि तरी मुलगी निघाली की उरलेलं जेवण डब्यात भरून देणारी.

अजून एक गोष्ट आहे जी वाचणाऱ्यांमध्ये फारशी बोलली जात नाही आणि मला फार महत्त्वाची वाटते. १ जानेवारी २०१७ पासून न्यू जर्सीने पैसे भरून जामीन घ्यायची पद्धत जवळजवळ बंदच केली. गरीब लोक थोड्याशा डॉलरसाठी खटला चालू होईपर्यंत महिनोन्‌महिने तुरुंगात पडून राहायचे, म्हणून हा कायदा बदलला, आता आरोपीपासून धोका किती, तो तारखेला येईल का, हे बघून सोडायचं की ठेवायचं ते ठरतं. निर्णय योग्यच होता. पण त्यामुळे व्हिनीसारख्यांचं दुकान या राज्यात खरं तर बसलं. पुस्तकांत मात्र ऑफिस चालूच आहे, ऑफिस सांभाळणारी कॉनी डोनट मागवतेय, फायली येतायत. आणि मला सारखं वाटतं की इथेच ते एक पुस्तक होतं जे मला वाचायचं होतं, ज्यात स्टेफनीचं काम पुन्हा एकदा जातं, दुसऱ्यांदा, कायद्यामुळे, आणि ल्यूलाचंही जातं, आणि भाडं पुन्हा थकतं. पहिल्या पुस्तकातली ती भूक परत आली असती. असं पुस्तक अजून लिहिलं गेलं तर मी रात्री बारा वाजता लायब्ररीच्या साइटवर नंबर लावेन.

मोरेली की रेंजर हेही तुम्ही विचारता. मोरेली. एकतर तो तिच्या आईच्या टेबलावर बसून जेवू शकतो, त्याचा कुत्रा बॉब सोफे खातो आणि तो तरीही त्याला ठेवतो, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे पहिल्या पुस्तकातला लबाड मुलगा हळूहळू जबाबदार माणूस होतो हे लेखिकेने न सांगता दाखवलंय. रेंजर आवडणाऱ्या बायका खूप आहेत आणि त्यांचं कारणही मला समजतं, तो गप्प राहतो, वेळेला येतो, प्रश्न विचारत नाही. पण एकतीस पुस्तकं झाली तरी त्याच्याबरोबर रोजचं आयुष्य कसं असेल ते मला डोळ्यांसमोर आणता येत नाही. हा तिढा सुटत नाही म्हणून चिडणारे वाचक मला पटतात, सातव्या पुस्तकात मजा होती, सतराव्यात नव्हती. (२०११ मध्ये तर सतरावं आणि अठरावं दोन्ही एकाच वर्षात आली, आणि घाईघाईत लिहिल्यासारखी वाटली.)

तर कितव्यापर्यंत. पहिल्यापासून सुरू करा, मधून नको, आणि 'वन फॉर द मनी'मधला तो प्रसंग झेपला नाही तर तिथे थांबण्यात काहीच चूक नाही, पण झेपला तर सातव्यापर्यंत सलग वाचा. सातव्यात तिची 'परफेक्ट' बहीण व्हॅलेरी संसार मोडून मुलींना घेऊन माहेरी येते आणि त्या घरात जे होतं ते फार सुंदर आहे. नंतर बाराव्यापर्यंत अधूनमधून, प्रवासात, आजारपणात. बाराव्यानंतर क्रमाने वाचायची गरज नाही, लायब्ररीत जे समोर दिसेल ते उचला, आणि माझ्या नर्स मैत्रिणीसारखं तुम्हालाही तेच हवं असेल तर एकतीसच्या एकतीस वाचा, कोणी नाक मुरडलं तरी ऐकू नका. ऑडिओ ऐकणार असाल तर लोरेलाय किंगच्या आवाजातले घ्या, आजी माझूर तिच्या तोंडून ऐकायलाच हवी. २०१२ चा सिनेमा सोडून द्या, तो ट्रेंटनमध्ये नाही तर पिट्सबर्गच्या बाजूला शूट केलाय आणि ते जाणवतं. डेबी रेनॉल्ड्सने केलेली आजी बघायची असेल तर तेवढे सीन बघा.