नाहूरचा दीर्घ ऊकार

आमच्या मुंबईतल्या नाहूरच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना टाइप करण्याचे काम, ‘तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरवरच असता ना’ या एकाच कारणाने, माझ्या गळ्यात पडलेले आहे. सभेच्या १४ दिवस आधी ती फलकावर लागावी लागते, म्हणून नेहमीप्रमाणे अगदी शेवटच्या संध्याकाळी लिहायला बसलो. ‘स’ उमटला आणि दीर्घ ऊकाराची कळ दाबताच पडद्यावर टर्मिनलची, म्हणजे संगणकाला लेखी आज्ञा देण्याची, काळी खिडकी उघडली. ती बंद करून पुन्हा कळ दाबली, तर पुन्हा खिडकी. तिसऱ्या खेपेला लक्षात आले, की माझ्या लिनक्सवर ‘सूचना’ हा शब्द आता लिहिता येणार नाही.

देवनागरी टायपिंगच्या इनस्क्रिप्ट मांडणीत दीर्घ ऊकार इंग्रजी ‘टी’च्या कळीवर आहे; शिफ्ट धरून तीच कळ दाबली, की अख्खा ‘ऊ’ मिळतो. कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबल्यावर टर्मिनल उघडावे, हा शॉर्टकट मीच ठरवलेला होता. पण आता कंट्रोल आणि ऑल्ट यांची वाट न पाहता नुसत्या टीवरच काम भागत होते, आणि कळ शॉर्टकटने मध्येच अडवल्यामुळे मजकुरात काहीच उमटत नव्हते. ऱ्हस्व उकार ‘जी’वर असल्याने सुखरूप होता. परिणामी रंगकामाच्या खर्चाला ‘मंजुरी’ देता येत होती, तो खर्च ‘मंजूर’ मात्र करता येत नव्हता. स्वतःचा पत्ता लिहिण्याचीही सोय उरली नव्हती.

दोष शोधताना आदल्या दिवशीचा माझाच उपद्व्याप आठवला. लिनक्सवर पडदा आणि कळफलक सांभाळणाऱ्या, १९८७ साली आलेल्या एक्स इलेव्हन या व्यवस्थेत प्रत्येक मॉडिफायर कळीला, म्हणजे दुसऱ्या कळीचा अर्थ बदलणाऱ्या कळीला, एक आकडा असतो: शिफ्टचा १, कॅप्स लॉकचा २, कंट्रोलचा ४, ऑल्टचा सहसा ८ आणि नमलॉकचा सहसा १६. शॉर्टकट मागणारा प्रोग्राम कळ आणि या आकड्यांची बेरीज अशी दोन्ही नोंदवून ठेवतो. कंट्रोल आणि ऑल्ट मिळून १२ होतात. पण कोपऱ्यातला नमलॉकचा हिरवा दिवा जळत असेल तर बेरीज २८ होते, आणि १२ची वाट पाहणारा प्रोग्राम २८ला ओळखही दाखवत नाही. म्हणून जाणता प्रोग्रामर एकच शॉर्टकट चार वेळा नोंदवतो: नमलॉक आणि कॅप्स लॉकचे दोन्ही दिवे बंद, एकेक चालू आणि दोन्ही चालू. पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या माझ्या जुन्या विंडो मॅनेजरला हे भान नसल्याने दिवा लागला की माझा शॉर्टकट मुका होई, म्हणून मी शॉर्टकट सांभाळणारा एक लहानसा प्रोग्राम उतरवून घेतला होता. त्याच्या कर्त्याने चार नोंदींचा व्याप टाळून ‘कोणताही मॉडिफायर चालेल’ ही एकच नोंद केली होती. ‘कोणताही’मध्ये ‘एकही नाही’ हेसुद्धा येते, हे त्याच्या ध्यानात आले नसावे. आणि सोर्स कोड समोर असूनही तो न वाचणाऱ्या माझ्याही आले नाही.

दादरला इंडिकेटरवर नुसते ‘ठाणे’ वाचून, शेजारचा फास्ट गाडीचा एकाक्षरी ‘एफ’ न पाहता गाडीत चढलेल्या नाहूरकराला या चुकीची जात वेगळी सांगायला नको. गाडी ठाण्याचीच असते, फक्त नाहूर खिडकीतून मागे जाते.

हा शोध लागेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले होते आणि सेक्रेटरी काकांचे दोन फोन येऊन गेले होते. “अहो, ऱ्हस्व देऊन टाका की, कोण बघतंय!” असे ते म्हणाले, तेव्हा शाळेत शुद्धलेखनासाठी खाल्लेल्या छड्या आठवूनही मी निमूटपणे ‘सुचना’ लिहिले, रंगकाम ‘मंजुर’ करण्याचा ठराव मांडला आणि कागद छापून त्यांच्या हवाली केला. तो प्रोग्राम त्यानंतर काढून टाकला. दीर्घ ऊकार तत्काळ परत आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लिफ्टजवळच्या फलकापाशी थांबलो. कुणीतरी लाल पेनाने दोन्ही ठिकाणी उकार दीर्घ करून ठेवले होते.