स्टेबल टाकू की डेव्हलपमेंट?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरींची डिझाइनं करणारे विचारतात, इंजिनिअरिंगची मुलंही विचारतात: ओपन सोर्स (मूळ कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर घेताना स्टेबल (रोजच्या वापरासाठी दिलेली) आणि डेव्हलपमेंट (अजून घडत असलेली) अशा दोन आवृत्त्या दिसतात, मग नवी तीच घ्यावी ना?

नवी आवृत्ती किती चांगली, हा प्रश्न नंतरचा. ती पटली नाही तर जुन्या आवृत्तीवर परत येता येईल का, हे आधी बघा. प्रोग्राम काढून दुसरा टाकणं सोपं असतं. अडकतं ते त्या प्रोग्रामने सेव्ह केलेल्या कामात.

चित्रं बनवायच्या-सुधारायच्या गिम्प या प्रोग्रामचंच घ्या. त्यात आवृत्तीचा दुसरा आकडा सम असेल तर ती स्टेबल: २.१०, ३.०. विषम असेल तर डेव्हलपमेंट: २.९९, ३.१. मार्च २०२५ मध्ये ३.० आली आणि फिल्टर लावून नंतर तो बदलण्याची सोय मिळाली. पण असा फिल्टर ठेवून सेव्ह केलेली एक्ससीएफ (गिम्पची स्वतःची) फाइल २.१० मध्ये उघडत नाही. २.१० साठी पायथन भाषेत लिहिलेले प्लगइनही (जोड-प्रोग्राम) ३.० मध्ये तसेच चालत नाहीत. एवढा फरक दोन स्टेबल आवृत्त्यांमध्ये पडतो. डेव्हलपमेंटमध्ये तर आज असलेली सोय पुढच्या महिन्यात वेगळी वागू शकते, आणि त्याबद्दल कुणाला दोष देता येत नाही, कारण ती त्यासाठीच असते.

जेकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) डिझाइनमध्ये हे फार महागात पडतं. तिथे ग्राफचा एकेक चौकोन म्हणजे धाग्याची एकेक जागा. चित्र इंडेक्स्ड मोडमध्ये (मोजक्या ठरावीक रंगांत) बदलताना डिदरिंग (ठिपके मिसळून मधल्या छटा दाखवणं) चालू राहिलं, तर दोन रंगांच्या सीमेवर ठिपके पसरतात आणि कापडात ते धागा चुकीच्या जागी उचलला गेल्यासारखे उमटतात. म्हणून आवृत्ती बदलली की एक जुनं, विणून झालेलं डिझाइन घ्या, नव्या आवृत्तीत पुन्हा एक्स्पोर्ट करा, रंगांची संख्या आणि रुंदी-उंचीचे पिक्सेल जुळतात का ते बघा. दिवाळीच्या ऑर्डरी डोक्यावर असताना आवृत्ती बदलूच नये.

हिशेबाच्या किंवा स्टॉकच्या डेटाबेसबाबत मी याहून कडक आहे. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये १६.३ वरून १६.४ वर बिनधास्त जा. त्यात दुरुस्त्या असतात, डेटाची मांडणी बदलत नाही. १६ वरून १७ वर जाताना मात्र डेटा अपग्रेड करावा लागतो किंवा डंप (सगळ्या डेटाची वेगळी फाइल) काढून पुन्हा भरावा लागतो. बीटा (अंतिम होण्याआधीच्या चाचणीच्या) आवृत्तीवर खरा डेटा कधीही ठेवू नका: एका बीटाचा डेटा पुढच्या बीटात तसाच उघडेल याची हमी नसते.

डेबियन ही लिनक्स यंत्रणा वापरणाऱ्यांची एक नेहमीची चूक अशी, की एखादं नवं पॅकेज हवं म्हणून ते स्टेबलमध्ये टेस्टिंगची (पुढच्या स्टेबलची तयारी चाललेल्या आवृत्तीची) रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचं भांडार, जोडतात. ते पॅकेज आपल्यासोबत सी लायब्ररीसकट (जवळजवळ सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती) बऱ्याच नव्या लायब्ररी ओढून आणतं. मग यंत्रणा धड स्टेबल राहत नाही, धड टेस्टिंग होत नाही, आणि डाउनग्रेडला, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परत जाण्याला, डेबियनचा पाठिंबा नसतो. नव्या लॅपटॉपचं वायफाय चालत नसेल तर बॅकपोर्ट्समधला (स्टेबलसाठी तयार केलेल्या नव्या पॅकेजांमधला) कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, घ्या, बाकी सगळं स्टेबल ठेवा. शिवाय टेस्टिंगमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या उशिरा पोचू शकतात, म्हणून इंटरनेटला जोडलेल्या सर्व्हरवर ती नकोच.

स्टेबल म्हणजे बिनचूक, असंही नाही. जी चूक तुमचं काम अडवते ती फक्त डेव्हलपमेंटमध्येच दुरुस्त झाली असेल, तर ती जरूर वापरा, पण वेगळी: अ‍ॅपइमेज, फ्लॅटपॅक (बाकी यंत्रणा न बदलता चालणारी पॅकेजं) किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या वेगळ्या कॉम्प्युटरमध्ये), आणि फाइलींच्या प्रतींवर.

मराठीत काम करणाऱ्यांनी डेव्हलपमेंट आवृत्ती पाहावीच, असं मला कळकळीने वाटतं. लिब्रेऑफिस या ऑफिस प्रोग्रामची चाचणी आवृत्ती नेहमीच्या आवृत्तीशेजारी वेगळ्या नावाने बसते आणि तिचं प्रोफाइलही (सेटिंग्ज) वेगळं असतं. तिच्यात जोडाक्षरं, रफार, ‘ऱ्य’ असलेला मजकूर टाकून पीडीएफ काढा. काही मोडलं तर पूर्ण आवृत्ती क्रमांक, फाँटचं नाव आणि दोन ओळींची नमुना फाइल जोडून कळवा. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये मोठी आवृत्ती येते. तक्रार त्याआधीच्या बीटात पोचली, तर अंतिम आवृत्तीपूर्वी दुरुस्तीला वेळ मिळतो.