पंप हवा घ्यायलाय

बीड सोडून मांजरसुंब्याचा घाट चढताना मी तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीने बारीक शिट्टी घातली. पाय सैल केला की ती थांबे, दाबला की पुन्हा सुरू होई. शेजारी बसलेल्या वडिलांना विचारले, "अण्णा, शिट्टी ऐकू येती का?" त्यांनी खिडकीबाहेर पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "काय?" वयाबरोबर उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात. शिवाय रस्त्याची घरघर मोठी होऊन ऐकू येते म्हणून प्रवासात ते कानाचे यंत्र सदऱ्याच्या खिशात ठेवतात, त्यामुळे त्यांना विचारण्यात तसा अर्थ नव्हता.

अनोळखी आवाज मला सहन होत नाही. अण्णांना केजजवळ गावी सोडून संभाजीनगरला परतल्यावर मी आधी खिडक्यांच्या रबरांवर संशय घेतला आणि काचांच्या कडांना कागदी चिकटपट्टी लावून, कंपाउंडरने मलमपट्टी केल्यासारखी दिसणारी ती गाडी बायपासवर पळवून आणली. शिट्टी तशीच होती. मग अंगणात न्यूट्रलमध्ये रेस करून पाहिली, तर गाडी गप्प. ओझे पडल्याशिवाय ती बोलायला तयार नव्हती. मागून थोडा काळा धूर येत होता आणि पिकअपही मंदावला होता, पण त्याचा दोष मी आतापर्यंत घाटाला देत आलो होतो.

गॅरेजच्या उस्तादांनी गाडी चालवून पाहिली, बॉनेट उघडले आणि टर्बोकडून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपच्या पोटाखालून बोट फिरवून ते माझ्यासमोर धरले. बोटाला तेल आणि धूळ यांचा काळा लेप लागला होता. "टर्बो नै गया साब, पाइप हवा छोड रा," ते म्हणाले. मी मनातल्या मनात टर्बोच्या किमतीला नमस्कार केला. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तीच ही: बाहेर वाया जाणाऱ्या धुरानेच एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची. हे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि टायरमधल्या हवेच्या जवळपास निम्म्या दाबाने हवा पुढे ढकलते. एवढ्या दाबाला बोटभर चीर मिळाली तर ती शिट्टी वाजवणारच. पोऱ्याने पाइप काढला, एक तोंड बुचाने बंद केले, दुसऱ्यातून कॉम्प्रेसरची हवा दिली आणि पंक्चर पाहतात तसा तो पाण्याच्या टबात बुडवला. बुडबुड्यांची माळ वर आली.

ती पाहताना मला आमची विहीर आठवली. काठावर डिझेलचे इंजिन, त्याला पट्ट्याने जोडलेला पंप आणि पाण्यात सोडलेला, तळाला फुटबॉल, म्हणजे पाणी परत खाली न सोडणारी झडप, लावलेला पाइप. पंप वीस-पंचवीस फुटांपलीकडून पाणी ओढत नाही, म्हणून उन्हाळ्यात पाणी खोल गेले की चार माणसे लावून ते सगळे धूड विहिरीतल्या टप्प्यावर उतरवावे लागे. अण्णा गव्हाला दारे धरत असत, विहिरीपासून पार दुसऱ्या टोकाला. पाटातले पाणी अजून तसूभरही कमी झालेले नसे आणि ते खोऱ्यावर हात ठेवून मान वर करत. "पंप हवा घ्यायलाय. पळ." मला इंजिनाची नुसती धडधड ऐकू येई. मी शेणाचा ओला गोळा घेऊन धावत सुटे आणि विहिरीवर पोचल्यावर, पाइपाच्या जोडाला कान लावल्यावर, ती बारीक शिट्टी सापडे. शेण थापले की जोड ते आत ओढून घेई, शिट्टी विरे आणि इंजिनाचा आवाज पुन्हा जड होई. एवढ्या लांबून हे त्यांना कसे कळे, ते मी कधी विचारले नाही. तेव्हा सगळ्याच वडिलांना ते कळते असे वाटायचे.

मी उस्तादांना शेणाचा उपाय सांगितला. ते खूप हसले. तिकडे पाइप हवा आत ओढतो, इकडे बाहेर फेकतो; शेण लावले तर ते इंजिनभर उडेल, असे त्यांनी मला समजावले. चिकटपट्टी गुंडाळून भागवण्याची माझी सूचनाही त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखी केली, कारण गरम आणि तेलकट रबरावर ती टिकत नाही. नवा पाइप आणि दोन नवे क्लॅम्प घालून तासाभरात त्यांनी गाडी हातात दिली.

पुढच्या आठवड्यात मी अण्णांना आणायला गेलो. नात्यातले लग्न आटोपून निघालो होतो, त्यामुळे यंत्र त्यांच्या कानातच राहिले होते. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी निमूट चालली होती आणि मी उस्तादांना दुवा देत होतो, तेवढ्यात तीच बारीक शिट्टी ऐकू आली. पाय सैल केला, तरी ती थांबेना. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले, तरी चालूच. मग मी अण्णांकडे वळलो. यंत्राचे बोंडूक कानातून जरासे सरकले होते आणि फटीतून निसटलेला आवाज पुन्हा यंत्रातच शिरून शिट्टी घालत होता, अगदी त्यांच्या कानाशी. त्यांना ती ऐकू येत नव्हती. मी अंगठ्याने बोंडूक हलकेच आत दाबले.

"सापडलं का?" अण्णांनी विचारले.

"सापडलं," म्हणालो आणि गाडी सुरू केली.