डीव्हीडी वाचतो, सीडी मात्र नाही

माझ्या लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये डीव्हीडी घातली की फाइल्स लगेच दिसतात. सीडी घातली की नुसती घरघर, मग शांतता.

लिनक्स म्हटलं की आधी संशय सॉफ्टवेअरवर. पण ड्राइव्ह ‘एसआर-झीरो’ या नावाने व्यवस्थित हजर होता, परवानग्याही ठीक होत्या. शेवटी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग (नोंदवही) उघडला. तिथे सरळ लिहिलेलं: ‘मीडियम एरर’. थोडक्यात, डिस्कच खराब.

आणि तीच सीडी दुसऱ्या कॉम्प्युटरवर सुरळीत चालली!

शेजारी बसलेले बाबा म्हणाले, “अरे, पण मशीन अर्धंच कसं बिघडेल?”

बिघडतं ना. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. वरून भिंग एकच दिसतं, पण प्रकाश वेगवेगळा. एक लेसर क्षीण झाला तरी दुसरा ठणठणीत राहू शकतो. भिंग पुसून पाहिलं, काही फरक नाही, तेव्हा इथेही बहुधा तेच झालंय.

मला खटकलं ते वेगळंच. कर्नल स्वतः काही तपासत नाही, ड्राइव्ह जे कळवेल ते छापतो. आणि ड्राइव्हला स्वतःचा लेसर मंदावलाय हे कुठे ठाऊक? समोरचं वाचता आलं नाही, की दोष समोरच्याचा. (असे लोकही भेटतात, असो.)

त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवून किती धडधाकट सीड्या कचऱ्यात गेल्या असतील? तुमच्याही गेल्यात का?