परीक्षेपुरता मामा

आमच्या शेजारणीच्या मुलीचा मामा डॉक्टर आहे. आठवड्यातून तीनदा पोहायला जातो. त्यानंच तिला सायकल शिकवली, त्यानंच पहिल्यांदा विमानात बसवलं. त्याच्या घरी आजोबांचं जुनं घड्याळ आहे आणि एकदा रेल्वेत सापडलेलं पाकीट त्यानं मालकाला शोधून परत केलं होतं. गेल्या वर्षी जवळजवळ दर रविवारी दुपारी, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, मी या मामाबद्दल ऐकत होते. माझ्या सख्ख्या मामाबद्दल मला एवढं ठाऊक नाही.

अडचण एकच. या मुलीला मामा नाही.

तिची आई १९८१ची, म्हणजे चीनमध्ये एकाच मुलाचा नियम आल्यानंतरची. एकुलती एक. वडीलही एकुलते. त्यामुळे मामा, मावशी, काका, आत्या, सगळ्याच जागा रिकाम्या. मामा तिनं परीक्षेपुरता तयार केलाय.

परीक्षा म्हणजे आयल्ट्स, परदेशी विद्यापीठांत जायला द्यावी लागते ती इंग्रजीची परीक्षा. आम्ही सुझोऊला राहतो, शांघायपासून वेगवान रेल्वेनं अर्ध्या तासावर. पोरगी इथल्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि मास्टर्सला इंग्लंडला जायचं ठरवून बसली होती. ब्रिटनच्या विद्यापीठांत दीड लाखाच्या आसपास चिनी विद्यार्थी असतात, तेव्हा त्यात नवल काही नाही. एक दिवस तिची आई संत्र्यांची पिशवी घेऊन दारात आली. मुलीला इंग्रजी बोलायला कुणीतरी हवंय, आठवड्यातून एक तास बसाल का? इथे इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीला सहसा इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचा पासपोर्ट मागतात, कराडच्या मराठी शाळेत पाचवीला एबीसीडी गिरवलेल्या बाईला कोण विचारतो! पण संत्री चांगली होती.

मुलगी मागे उभी होती. ती मला 'आयी' म्हणाली आणि मी क्षणभर गडबडले. चिनीत 'आयी' म्हणजे मूळ अर्थानं मावशी, आता कुठल्याही आईच्या वयाच्या बाईला म्हणतात. मराठी कानांना मात्र ते निराळंच ऐकू येतं. तिनं स्वतःसाठी एका फळाचं इंग्रजी नाव घेतलेलं आहे, पण तेही मी इथे लिहीत नाही. तिला मी इथे नुसतं 'मुलगी'च म्हणते.

आयल्ट्सला इथे 'यासी' म्हणतात. चिनी अक्षरांत तो शब्द बसवताना अशी अक्षरं निवडलीत की अर्थ होतो सुसंस्कृत विचार. टोफेल या तसल्याच अमेरिकी परीक्षेचं झालंय 'तुओफू', म्हणजे तुमच्या पुण्याईनं! आपल्याकडे कुणी 'कसं काय' विचारलं की 'तुमच्या आशीर्वादानं बरं आहे' म्हणतो ना, तसलंच. आणि 'यासी देणं' याचं छोटं रूप होतं 'काओ या', जे ऐकायला अगदी भाजलेल्या बदकासारखं आहे. म्हणून परीक्षेला बसणारी सगळी पोरं स्वतःला भाजलेली बदकं म्हणवतात. केंब्रिजच्या चिनी नावातलं पहिलं अक्षर तलवारीचं, त्यामुळे केंब्रिजच्या सराव-पुस्तकांना म्हणतात तलवार. 'तलवार सोळा संपली, सतरा चालू आहे,' असं ती मला पहिल्या दिवशी म्हणाली तेव्हा मला वाटलं हिला माझ्याकडे नाही, दुसरीकडे कुठेतरी पाठवायला हवं.

तिसरा विनोद शब्दांच्या याद्यांचा. पाठांतराच्या पुस्तकांत शब्द एबीसीडीच्या क्रमानं, आणि सुरुवातीलाच बहुतेकदा 'अबॅन्डन'. सोडून देणे. लाखो मुलांनी हा शब्द पक्का केलाय आणि त्यानंतर पुस्तक खरोखरच सोडून दिलंय.

हसून झालं की कळतं, या पोरांचा इंग्रजीशी व्यवहार किती जुना आणि किती कागदी आहे. शाळेत तिसरीपासून इंग्रजी. बारावीनंतरच्या गाओकाओ परीक्षेत ७५०पैकी १५० गुण इंग्रजीचे, गणिताइतकेच. हिला १३१ होते. कॉलेजात राष्ट्रीय पातळीवरची इंग्रजीची परीक्षा, वर्षातून दोनदा, चौथी आणि सहावी पायरी, ७१०पैकी गुण. हिच्या दोन्ही पायऱ्या झालेल्या. त्या परीक्षेला पोरं कानाला रेडिओचे हेडफोन लावून बसतात, कारण ऐकण्याचा भाग कॉलेजच्या एफएमवरून येतो. तोंडी परीक्षा मात्र वेगळी, ज्याला हवी त्यानं द्यावी. थोडक्यात, तोंड न उघडता माणूस इंग्रजीत पार पुढे जाऊ शकतो. याला चिनीत अगदी नेमका शब्द आहे: 'याबा यिंग्यू', मुकी इंग्रजी.

ही मुकी इंग्रजी मी पहिल्याच रविवारी पाहिली. घरमालकाच्या कंपनीला मी इंग्रजीत एक पत्र लिहिलं होतं, ते टेबलावर पडलं होतं. मुलीनं ते वाचलं आणि पेन्सिलनं दोन ठिकाणी 'द' घातला. बरोबर होतं तिचं. मग मी तिला इंग्रजीतच विचारलं, आज जेवायला काय केलं होतं? ती कपातल्या चहाकडे बघत बसली. खूप वेळानं म्हणाली, 'फूड.'

आणि तीच मुलगी दहा मिनिटांनी मामावर दोन मिनिटं न थांबता बोलली.

आयल्ट्सच्या तोंडी परीक्षेला अकरा ते चौदा मिनिटं मिळतात. मधे एक चिठ्ठी हातात येते. तुम्हाला आदर वाटतो अशा ज्येष्ठ व्यक्तीबद्दल सांगा, एखाद्या जुन्या वस्तूबद्दल सांगा, कुणी तुम्हाला मदत केली तो प्रसंग सांगा. एक मिनिट विचाराला, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. या चिठ्ठ्यांचे विषय जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये बदलतात. बदलल्या बदलल्या परीक्षा देऊन बाहेर पडणारी पोरं काय आलं होतं ते आठवून नेटवर टाकतात, क्लासवाले ते गोळा करतात आणि थोड्याच दिवसांत अख्ख्या देशाकडे यादी तयार असते. तिला म्हणतात 'जीजिंग'. आपले अपेक्षित प्रश्नसंच आठवा, फक्त ते रोज ताजे होणारे.

चिठ्ठ्या पन्नास असल्या तरी पन्नास भाषणं पाठ करायची नसतात. एकच गोष्ट अशी रचायची की ती दहा-बारा चिठ्ठ्यांना लागू व्हावी. यालाही शब्द आहे, 'चुआनती', विषय ओवणं. गजऱ्यासारखं. आपल्याकडचा तो गायीचा निबंध पाठ करून आलेला मुलगा, ज्यानं झाडावर निबंध आल्यावर गाय झाडाला बांधली, तो या मंडळींचा आद्यगुरू. मामा म्हणजे मुलीचा गजरा. ज्येष्ठ व्यक्ती? मामा. जुनी वस्तू? मामाचं घड्याळ. खेळ? मामाचं पोहणं. प्रामाणिकपणा? पाकीट. परीक्षकाला असं मामा बनवायचं!

मामाचं इंग्रजीत 'अंकल' केलं तेव्हा तिला ते आवडलं नव्हतं. अंकल म्हणजे नक्की कोण, तिनं विचारलं. आईचा भाऊ, वडिलांचा थोरला भाऊ, धाकटा भाऊ? चिनीत तिन्ही वेगळे. मी म्हटलं, आमच्याकडेही मामा वेगळा, काका वेगळा, मावशी आणि आत्या वेगळी. ती एकदम खूश झाली आणि आम्ही अर्धा तास कागदावर दोन्ही भाषांतली नाती लिहीत बसलो. चिनी यादी आपल्याहून लांब भरली, कारण त्यांच्यात थोरला-धाकटा हेही शब्दातच येतं. एवढी नाती हिला तोंडपाठ, आणि हाक मारायला त्यातलं जवळजवळ कुणीच नाही. मी तिला तसं म्हटलं नाही. तिनंच यादीतल्या 'मामा' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

तिचा अंकल दर तीन वाक्यांनी बाई व्हायचा. चिनीत तो, ती, ते सगळ्याला उच्चार एकच, 'ता'. लिहिताना अक्षर बदलतं, बोलताना नाही. त्यामुळे 'माय अंकल इज अ डॉक्टर' आणि पुढच्याच श्वासाला 'शी लाइक्स स्विमिंग'. लिहिताना एकदाही चुकायची नाही. बोलताना मी बोट वर केलं की जीभ चावायची.

एका ठिकाणी मात्र आम्ही दोघी सारख्याच अडखळलो. ऐकण्याच्या भागात मोठे आकडे येतात. चिनी लोक दहा हजारांच्या घरानं मोजतात, त्याला 'वान' म्हणतात. आपला लाख म्हणजे त्यांचे दहा वान, आपले दहा कोटी म्हणजे त्यांचा एक 'यी'. ध्वनिफितीत बाई म्हणाली, 'टू पॉइंट थ्री मिलियन.' मुलगी बोटं मोडत होती, मीही मोडत होते. ती २३० वानवर पोहोचली, मी तेवीस लाखांवर, आणि बाई तोवर पुढच्या प्रश्नावर गेली होती.

हा सगळा क्लासचा धंदा केवढा मोठा आहे हे सुझोऊत कुठल्याही मॉलच्या वरच्या मजल्यावर गेलं की दिसतं. त्यातलं सगळ्यात मोठं नाव न्यू ओरिएंटल, १९९३ साली बीजिंगमध्ये सुरू झालेली. ती काढणारे यू मिनहोंग स्वतः गाओकाओत दोनदा नापास होऊन १९८०मध्ये तिसऱ्या खेपेला पेकिंग विद्यापीठात पोहोचले होते. जुलै २०२१मध्ये सरकारनं शालेय शिकवण्यांवर टाच आणली तेव्हा कंपनीचं मोठं दुकान बसलं. मग त्यांनी इंटरनेटवर थेट प्रक्षेपणातून शेतमाल विकायला काढला आणि जून २०२२मध्ये डोंग युहुई नावाचा त्यांचा इंग्रजीचा मास्तर स्टेक आणि तांदूळ विकता विकता फळ्यावर इंग्रजी शब्द लिहून शिकवायला लागला. देश वेडा झाला. माझी शेजारीण अजून त्याची आठवण काढते. इंग्रजी ऐकत तांदूळ घेतला की तो चांगला शिजतो, असं तिचं म्हणणं.

मुलीचा क्लास दुसरा होता, नाव घेत नाही. 'गुणांची हमी' असलेली तुकडी. नऊपैकी साडेसहा मिळाले नाहीत तर पुन्हा फुकट शिकवू, असा करार. फी ऐकून मी मनात रुपये केले आणि हातातला कप खाली ठेवला.

पहिल्या परीक्षेला सुझोऊत जागा शिल्लक नव्हती, म्हणून मायलेकी नानजिंगला गेल्या. नानजिंग म्हणजे बदकांचं गाव, तिथलं खारवलेलं बदक प्रसिद्ध. आईनं हौसेनं एक हवाबंद पाकीट आणलं. पोरगी म्हणाली, निकाल लागेपर्यंत ते फ्रीजमधून काढायचं नाही.

निकाल असा. ऐकणं साडेसात, वाचन आठ, लेखन सहा, बोलणं साडेपाच. सरासरी पावणेसात, ती वर जाऊन एकूण सात. विद्यापीठाला हवे होते साडेसहा. माझ्या तोंडून अभिनंदन निघालं आणि मायलेकींचे चेहरे पाहून परत आत गेलं. विद्यापीठाची अट होती, एकूण साडेसहा आणि कुठल्याही भागात सहाच्या खाली नको. या सुट्या गुणांना इथे 'श्याओफन' म्हणतात, आणि चिनी घरांत या एका शब्दानं जितकी जेवणं थंड झाली असतील तितकी दुसऱ्या कशानं झाली नसतील. वाचनात वर आणि लिहिण्या-बोलण्यात खाली, चिनी विद्यार्थ्यांचा हा आलेख वर्षानुवर्षं तसाच आहे.

क्लासनं करार दाखवला. हमी एकूण साडेसहाची होती, मिळाले सात, आमचं काम झालं. शेजारीण त्या ऑफिसात तासभर उभी होती. परत आली तेव्हा तिला चिनीतसुद्धा बोलता येत नव्हतं.

उपाय दोन. इंग्लंडला लवकर जाऊन विद्यापीठाचा उन्हाळी भाषावर्ग करायचा, ज्याचे पाउंड वेगळे. किंवा पुन्हा परीक्षा, दोन हजारांहून जास्त युआन. पुन्हा परीक्षा ठरली.

त्यानंतरच्या रविवारी मी चिठ्ठ्या कपाटात ठेवल्या. तिला लाटणं दिलं आणि म्हटलं, मी पोळ्या भाजते, तू लाट आणि बोल, मामा सोडून काहीही. पहिली पोळी झाली तैवानच्या आकाराची, आणि ते तिनंच सांगितलं, इंग्रजीत. मग वसतिगृहातल्या सहा जणींच्या खोलीत कोण घोरतं, बाबांनी फोनवर कुठला खेळ चोरून ठेवलाय, आजी फक्त सुझोऊची बोली बोलते आणि नातीला ती अर्धीच कळते. 'शी' आणि 'ही' सगळीकडे सांडले होते. मी बोट वर करणं बंद केलं, हाताला पीठ होतं.

दुसरी परीक्षाही नानजिंगलाच. तोंडीचा परीक्षक आता बहुतेकदा समोर नसतोच, पडद्यावर दिसतो. मुलगी एका छोट्या खोलीत एकटी, आणि पडद्यावर एक बाई, जिच्या मागच्या भिंतीवर काही म्हणजे काही नव्हतं, असं तिनं दोनदा सांगितलं.

निकाल: ऐकणं सात, वाचन साडेसात, लेखन सहा, बोलणं सहा. एकूण साडेसहा. म्हणजे पहिल्यापेक्षा अर्ध्या गुणानं कमी आणि प्रवेश पक्का. शेजारणीनं बदक वाफवायला ठेवलं आणि मला हाक मारली.

जिन्यात मुलगी भेटली. मी विचारलं, चिठ्ठी कुठली आली होती? म्हणाली, तुम्ही रस्ता चुकलात तो प्रसंग. मला पोळ्यांचे सगळे रविवार आठवले. मग काय सांगितलंस, मी विचारलं.

ती हसायला लागली. 'ह्वांगशानच्या डोंगरात मामाबरोबर गेले होते, तिथे चुकलो,' म्हणाली. 'फक्त आयी, मामाला ही म्हटलं की शी, ते आठवत नाही.'